तान्हा पोळा की शंकरपट? सिम्युलेटरमधल्या गाडीला रेडियम लावताना

नागपुरात कॉटन मार्केटच्या बाजूला माझं रेडियमचं दुकान आहे. ऑटोच्या पाठीवर ‘आईचा आशीर्वाद’, बुलेटच्या टाकीवर वाघ, ट्रॅक्टरच्या मडगार्डवर मालकाच्या दोन्ही पोरींची नावं, असं सगळं कापून चिकटवायचं काम. पूर्वी नंबर प्लेटही भरपूर व्हायच्या. 1 एप्रिल 2019 नंतरच्या नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट लागूनच यायला लागली आणि ते काम आटत गेलं. रात्री शटर पाडून घरी आलो की हेच काम मी कॉम्प्युटरमधल्या रेसच्या गाड्यांवर करतो. तिथे घासाघीस करणारं गिऱ्हाईक नसतं, आणि स्टिकरखाली हवेचा बुडबुडाही राहत नाही.

मागच्या उन्हाळ्यात भाचा सुट्यांत आला. माझ्या मशीनवर असेटो कोर्सा हा रेसचा गेम उघडून तो दोन दिवस एका गाडीच्या मागे लागला होता. गाडी जमिनीला टेकेपर्यंत खाली घेतली, चाकं बाहेर काढून वरच्या बाजूने आत झुकवली, मागे पाटाएवढा विंग बसवला. दिसायला गाडी खरंच झकास. तिसऱ्या दिवशी तोंड पाडून आला.

“मामा, गाडी वळूनच नाही राहिली.”

“बाबू, तू तान्ह्या पोळ्याचा नंदी घेऊन शंकरपटात उतरला.”

विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. लहान पोट्टे चाकांवरचा लाकडी नंदी सजवून ओढत नेतात, आणि ज्याचा नंदी जास्त देखणा त्याला बक्षीस. शंकरपट म्हणजे खऱ्या बैलजोडीची शर्यत. तिथे घड्याळ लावून वेळ मोजतात, आणि झूल-बाशिंगं घालून बैल कोणी पळवत नाही. दोन्हीकडे बैल आहे, दोन्हीकडे हौस आहे. भाच्याने दोन्ही बक्षिसं एकाच गाडीवर मागितली, तिथे घोळ झाला.

मी दोन्हीकडचा माणूस आहे, त्यामुळे “सजावट म्हणजे पोरखेळ, खरा खेळाडू पांढरी गाडी चालवतो” असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. खऱ्या रेसमध्ये पांढरी गाडी शोधून दाखवा. रेसची गाडी ही चालती पाटीच असते. फक्त ती पाटी काही नियमांनी रंगवलेली असते, आणि ते नियम सिम्युलेटरमध्ये पाळले की गाडी खरी वाटायला लागते. ते कसं करायचं तेवढं इथे सांगतो.

सजावट कुठे संपते, गाडी कुठे सुरू होते

आधी आपण कोणत्या खेळात आहोत ते ओळखा. मी 2004 साली इतवारीतल्या एका सायबर कॅफेत नीड फॉर स्पीड अंडरग्राउंड 2 खेळायला लागलो. तिथे सजावट हाच खेळ होता. बंपर बदला, निऑन लावा, तारे वाढवा, मग गाडी मासिकाच्या कव्हरवर. तिथे वास्तव शोधणं म्हणजे तान्ह्या पोळ्यात नंदीचे दात मोजणं.

ग्रान टुरिझ्मो 7 आणि फोर्झासारखे खेळ मधल्या गल्लीतले. स्टिकर हवे तेवढे लावा, गाडीला काही होत नाही. पण विंग बसवला की नुसतं रूप बदलत नाही, गाडीवरचा हवेचा दाब बदलतो. ग्रान टुरिझ्मोमध्ये गाडीच्या नावाजवळ पीपी म्हणून एक आकडा असतो, गाडी किती दमदार ते सांगणारा. वस्तू लावण्याआधी तो आकडा कागदावर लिहा, लावल्यावर परत बघा. हलला तर ती सजावट नव्हती.

तिसरे खेळ म्हणजे 2008 पासूनचं आयरेसिंग, 2014 चं असेटो कोर्सा, 2019 चं असेटो कोर्सा कॉम्पिटिझिओने. कॉम्पिटिझिओनेमध्ये बंपर बदलायचा पर्यायच नाही, आणि पोट्टे त्यावर चिडतात. पण ती जीटी3 या वर्गातल्या रेसच्या गाड्यांची, खऱ्या मालिकेवरची प्रतिकृती आहे. खऱ्या जीटी3 मध्ये गाडीचा आकार आधी मंजूर करून घेतलेला असतो, आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या बरोबरीत याव्यात म्हणून वजन आणि ताकद वरून ठरवून देतात. संघाच्या हातात उरतो रंग, स्टिकर आणि सेटिंग. खेळातही तुमच्या हातात तेवढंच आहे, म्हणून त्यात काही कमी आहे असं मला वाटत नाही.

माझा सगळा वेळ जुन्या असेटो कोर्सामध्ये जातो, कारण तिथे दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या कपाटात ठेवल्यासारख्या आहेत. गाडीच्या फोल्डरमध्ये ‘स्किन्स’ नावाचं एक फोल्डर असतं. रंग, स्टिकर, ड्रायव्हरचा सूट, हातमोजे, हेल्मेट, सगळं त्यात. आणि ‘डेटा’ नावाची एक वेगळी फाइल असते. तिच्यात वजन, इंजिन, टायर, सस्पेन्शन. स्किनच्या कपाटात रात्रभर धिंगाणा घाला, गाडी वळणावर तशीच वळेल. डेटाच्या कपाटाला हात लावला की ती गाडी दुसरी झाली.

भाच्याने नेमकं तेच केलं होतं. कुठूनतरी उतरवलेली, कोणीतरी खुडबुड केलेली डेटा फाइल टाकून चाकांचा कॅम्बर, म्हणजे चाकाचा झुकाव, उणे आठ अंशांवर नेला होता. उभ्या गाडीत ते जबरदस्त दिसतं. पण चाक इतकं झुकलं की टायरची फक्त आतली पट्टी रस्त्याला टेकते. रेसच्या गाड्यांना पुढे उणे तीन-चारच्या आसपास कॅम्बर असतो, आणि तोसुद्धा वळणात गाडी कलली की टायर सपाट बसावा म्हणून. खेळात टायरचं तापमान आत, मध्ये, बाहेर असं तीन ठिकाणी दिसतं. त्याच्या गाडीत आतला आकडा लालबुंद आणि बाहेरचा थंडगार. बरं, ऑनलाइन शर्यतीत तर त्याला दारातूनच परत पाठवत होते. सर्व्हर प्रत्येकाची डेटा फाइल स्वतःच्या फाइलशी ताडून बघतो. जुळली नाही की बाहेर. पोराला वाटत होतं नेट खराब आहे.

तुमच्या गाडीबद्दल शंका असेल तर एक सोपी परीक्षा घ्या. तेवढंच पेट्रोल, तेच टायर, तीच हवा ठेवून मूळ रूपात पाच फेऱ्या मारा, मग सजवलेल्या रूपात पाच. वेळेत फरक पडलाच तर तो तुमच्या हाताचा असायला हवा. ब्रेक लावायची जागा बदलावी लागली तर समजा की सजावटीबरोबर दुसरंही काहीतरी आत आलंय.

एक गंमत सांगतो. खऱ्या गाडीत रंगालाही वजन असतं. 2022 आणि 2023 मध्ये फॉर्म्युला वनच्या कित्येक संघांनी वजन वाचवायला गाडीचे मोठे भाग रंगवलेच नाहीत, काळा कार्बन तसाच उघडा ठेवला. आमच्या धंद्यातला चांगला कास्ट विनाइल, म्हणजे स्टिकरचा पातळ कागद, साधारण 50 मायक्रॉन जाड असतो. अख्ख्या गाडीला गुंडाळला तर माझ्या हिशोबाने दोनेक किलो चढतात. खेळातलं स्किन मात्र शून्य ग्रॅमचं. वास्तववादी खेळातली ही एक गोष्ट खोटी आहे, आणि ती आपल्या फायद्याची आहे.

कामाला बसताना

असेटो कोर्सासाठी कंटेंट मॅनेजर नावाचा एक प्रोग्राम मिळतो, तो आधी घ्या. त्यातल्या शोरूममध्ये गाडी उघडा आणि दारावर क्लिक करा. त्या भागावर कोणतं चित्र ताणून बसवलंय त्याचं नाव दिसेल. ते चित्र बाहेर काढता येतं, आणि पत्रा उलगडून सपाट केल्यावर कोणता भाग कुठे गेला त्याचा नकाशाही मिळतो. शिंप्याने सदरा उसवून जमिनीवर पसरला तर जसा दिसेल तसा तो नकाशा दिसतो. बॉनेट एका कोपऱ्यात, दार आडवं पडलेलं, आरशाचं कव्हर कुठल्या कुठे.

आता आधीच्या एखाद्या स्किनच्या फोल्डरची कॉपी करा, तिला नवं नाव द्या, आणि तुमचं चित्र मूळ चित्राच्याच नावाने त्यात टाका. नावात एका अक्षराची चूक झाली की खेळ तुमच्याकडे ढुंकूनही बघत नाही. शोरूम उघडं ठेवून काम करा. फाइल सेव्ह केली की गाडी समोरच बदलते.

लगेच रंग ओतू नका. पहिल्यांदा अख्ख्या नकाशावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन टाकून गाडी फिरवून बघा. जिथे चौकोन लांबट झाले तिथे तुमचं अक्षरही लांबट होणार. मागच्या चाकावरचा फुगवटा आणि बंपरचे कोपरे, या दोन जागा हमखास दगा देतात. खऱ्या गाडीवरही देतात. तिथे आम्ही हीट गन मारून विनाइल ताणतो, आणि ताणलेल्या जागी छापलेलं अक्षर जाड होतं.

दुसरं, उजवी बाजू तपासा. माझं पहिलं स्किन मी चार रात्री बसून केलं होतं. डाव्या दारावर मोठ्या अक्षरात दुकानाचं नाव. शोरूममध्ये डावीकडूनच बघत होतो, खूश होतो. ट्रॅकवर रिप्ले लावला तर उजव्या दारावर सगळं आरशातल्यासारखं उलटं. त्या गाडीच्या नकाशात एकच बाजू होती, आणि खेळ तीच दुसऱ्या बाजूला उलटून लावत होता. मेमरी वाचवायला जुन्या गाड्यांत असं करतात. अशा गाडीला अक्षरं लावायचीच नाहीत. पट्टे ओढा, किंवा 8 आणि 0 यांसारखे दोन्हीकडून सारखे दिसणारे आकडे घ्या. नाहीतर गाडी बदला. मी गाडी बदलली.

पत्र्याच्या फटी विसरू नका. दार आणि फेंडर यांच्या मधली फट नकाशावर नुसती रेघ दिसते, पण खऱ्या गाडीवर तिथे स्टिकर कापून कडा आत वळवावी लागते. त्या रेघेवर अक्षर आलं तर अक्षर तुटतं. कंपनीचे संघ लोगो कसे बसवतात ते नीट बघा. नाव दारात मावत नसेल तर ते लहान करतात, फटीवरून ओढत नेत नाहीत. शिवाय गुंडाळायच्या विनाइलचा रोल दीड मीटरच्या जवळपास रुंद येतो, म्हणजे अख्खी गाडी गुंडाळताना कुठेतरी जोड येणारच. मी माझ्या स्किनमध्ये छताच्या कडेला केसाएवढी जोडरेघ मुद्दाम काढतो. कोणालाही ती दिसत नाही. मला दिसते.

देवनागरीची भानगड

आपल्या पोरांच्या गाड्यांवर सगळं इंग्रजी असतं, आणि त्याचं कारण बऱ्याचदा आवड नसून कंटाळा असतो. मराठी अक्षर लावायला गेलं की फुटतं. मला रोजचं काम असल्यामुळे यातली मेख माहीत आहे, म्हणून जरा खोलात जातो.

रेडियमच्या दुकानांत अजूनही कोरलड्रॉमध्ये श्रीलिपी नाहीतर कृतीदेवसारखे जुने फॉन्ट चालतात. ते युनिकोड नाहीत. तिथे टाइप केलेलं नाव कॉपी करून दुसऱ्या प्रोग्राममध्ये चिकटवलं की रोमन अक्षरांचा उकिरडा दिसतो. म्हणून नाव जिथे टाइप केलं तिथेच त्याचं ‘कर्व्ह’ करून टाका. कर्व्ह झालं की ते अक्षर राहत नाही, आकार होतो, आणि आकार कुठेही नेला तरी फुटत नाही. फोटोशॉपमध्ये युनिकोड फॉन्ट वापरत असाल आणि पहिली वेलांटी व्यंजनाच्या भलत्याच बाजूला जात असेल, तर परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये ‘वर्ल्ड-रेडी’ मांडणी निवडा. इंकस्केप आणि गिम्पमध्ये ही कटकट नाही, आणि दोन्ही फुकट आहेत.

पुढचा प्रश्न आकाराचा. पाट्या रंगवणाऱ्यांचा जुना हिशोब आहे: दर 10 फुटांना 1 इंच उंचीचं अक्षर. 50 फुटांवरून वाचायचं तर 5 इंच. आता हे पिक्सेलमध्ये बघू. समजा 4096 पिक्सेल रुंदीच्या नकाशावर गाडीची एक बाजू 2800 पिक्सेलमध्ये पसरली आहे आणि खरी गाडी साडेचार मीटर लांब आहे. म्हणजे मीटरला साधारण 620 पिक्सेल. 5 इंचाचं अक्षर जवळपास 79 पिक्सेल उंच आलं. इतक्यात ‘र्म’वरचा रफार आणि ‘ष्ट्र’च्या पोटातल्या गाठी नीट उमटतात. तोच नकाशा 2048 चा असेल तर अक्षर 40 पिक्सेलचं होतं, आणि ‘महाराष्ट्र’च्या जागी डाग दिसतो. रोमन अक्षर 40 मध्ये भागवून नेतं, कारण त्याच्या डोक्यावर मात्रा नाही आणि पायाशी उकार नाही. देवनागरीत उंचीचा बराच भाग मात्रा-उकारांतच जातो. म्हणून इंग्रजी नाव जेवढं ठेवाल त्याच्या दीडपट मराठी नाव ठेवा आणि जाड फॉन्ट घ्या.

आणि शिरोरेघ. आपल्या लिपीचं हे सगळ्यात देखणं अंग गाडीवर सगळ्यात चुगलखोर ठरतं. रोमन अक्षरं सुटी असतात, थोडी वाकडी लागली तरी खपतात. शिरोरेघ मात्र एक सरळ दांडी. पत्रा जिथे वळला तिथे ती धनुष्यासारखी वाकते आणि सगळ्या जगाला सांगते की इथे नकाशा ताणलेला आहे. दुकानात मी ती गाडीच्या अंगावरच्या उठावाच्या रेघेला समांतर लावतो. दाराच्या हँडलखालून जी धार जाते ना, तिला. जमिनीला समांतर लावली तर गाडी उभी असताना बरी दिसते, पण धार चढती असेल तर अक्षरं घसरल्यासारखी वाटतात. स्किनमध्येही हेच करा. शोरूममध्ये गाडी बाजूने बघत शिरोरेघेला अर्धा-अर्धा अंश फिरवत बसा. माझा यातच सगळ्यात जास्त वेळ जातो.

ग्रान टुरिझ्मोत फाइलच्या कपाटात हात घालता येत नाही. तिथे बाहेरचं चित्र एसव्हीजी प्रकारात, म्हणजे पिक्सेलऐवजी रेघांनी बनलेल्या फाइलमध्ये, चढवावं लागतं आणि मर्यादा फक्त 15 केबी. पोट्टे फोटोवरून आपोआप ट्रेस करतात, फाइल 200 केबीची होते, मग म्हणतात हे होतच नाही. होतं. ट्रेस केलेल्या ‘श्री’मध्ये शेकडो नोड, म्हणजे रेघ जिथे बांधलेली असते ते ठिपके, असतात, प्रत्येक वळणावर मुंग्यांची रांग लागल्यासारखे. आमच्या कटिंग प्लॉटरवर अशी फाइल टाकली तर पातं थरथरत जातं आणि कड दातेरी निघते, म्हणून रेडियमवाला पहिल्या महिन्यातच नोड कमी करायला शिकतो. ट्रेसवर नवीन थर घेऊन ‘श्री’ हाताने काढा. जिथे वळणाची दिशा बदलते तिथेच नोड द्या आणि बाकीचं काम नोडच्या दोन बाजूंच्या, रेघ वाकवणाऱ्या दांड्यांवर सोपवा. तीसेक नोडमध्ये देखणी ‘श्री’ बसते. एका नोडला साधारण 40 बाइट धरले तर 15 केबीत साडेतीनशेच्या वर नोड मावतात, म्हणजे पूर्ण नाव आणि वर एक वाघ. सेव्ह करताना आकड्यांची दशांश स्थळं दोनवर आणा, फाइल आणखी उतरते. आणि इथेही नाव कर्व्ह केलेलंच हवं.

रंग, चमक आणि आपलं ऊन

निव्वळ पांढरा आणि निव्वळ काळा वापरू नका. 0 ते 255 च्या मोजपट्टीवर संगणकाचा पांढरा म्हणजे 255. तेवढा पांढरा जगात कोणताच रंग नसतो. उन्हात तशी गाडी ट्यूबलाइटसारखी पेटते आणि तिच्या अंगावरच्या सावल्या मरतात. 230 च्या आत राहा. काळाही 20 च्या आसपास ठेवा. नकाशाबरोबर फटींच्या आणि खाचांच्या सावल्यांचा एक थर मिळतो. तो सगळ्यात वर ‘मल्टिप्लाय’ करून ठेवायचा, म्हणजे खालचा रंग त्या सावलीत गडद होतो. हा थर विसरला की गाडी प्लॅस्टिकच्या खेळण्यासारखी दिसते.

चमक वेगळ्या चित्रात असते. असेटो कोर्सामध्ये त्याच्या नावात बहुतेक ‘मॅप’ असा शब्द असतो. त्याचा हिरवा चॅनल चकाकी किती घट्ट ते ठरवतो, आणि निळा आजूबाजूचं प्रतिबिंब किती दिसेल ते. मॅट स्टिकर हवा असेल तर स्टिकरच्या आकाराएवढीच जागा या दोन चॅनलमध्ये गडद करा. चमकदार रंगावर मॅट नंबर, एवढ्या एका गोष्टीने स्किन छापलेलं न वाटता चिकटवलेलं वाटतं. कॉम्पिटिझिओनेमध्ये हे आणखी सोपं आहे. चकचकीत, मॅट, सॅटिन, मेटॅलिक, क्रोम यातून निवडायचं. अख्खी गाडी क्रोम करू नका, लग्नातल्या बँडची गाडी वाटते.

जुनी, वापरलेली गाडी दाखवायची असेल तर सगळीकडे सारखी धूळ फासू नका. नागपुरात मे महिन्यात 45 अंशांत उभ्या असलेल्या गाड्या बघा. छापील स्टिकरमधला लाल आणि पिवळा आधी उडतो, म्हणून जुनी पोस्टरं निळसर होतात. तेही बॉनेटवर आणि छतावर, जिथे ऊन सरळ पडतं. दारावरचा लाल टिकून असतो. म्हणून बॉनेटवरचा लाल गुलाबीकडे न्या, दारावरचा तसाच ठेवा. चाकांच्या मागच्या पट्टीत खड्यांचे बारीक टवके द्या. रिमवर ब्रेकची काळपट तपकिरी धूळ पुढच्या चाकांना जास्त, मागच्यांना कमी, कारण ब्रेकचा भार पुढे जास्त पडतो.

नंबरासाठी माझी पसंती पिवळ्यावर काळा. टॅक्सीची पाटी उगाच तशी नसते. 2005 मध्ये नारायण कार्तिकेयन जॉर्डनच्या पिवळ्या गाडीत बसून फॉर्म्युला वनमध्ये उतरला तेव्हा टीव्हीच्या छोट्या पडद्यावरही ती गाडी गर्दीत लगेच सापडायची.

चित्र बाहेर काढताना डीडीएस प्रकारात सेव्ह करा आणि मिपमॅप टिक करा. मिपमॅप म्हणजे त्याच चित्राच्या लहान-लहान आवृत्त्या. त्या नसल्या तर दूरची गाडी वाळूसारखी चमचमते. 4096 चं चित्र कॉम्प्रेस न करता 64 एमबी खातं, बीसी3 या कॉम्प्रेशनमध्ये 16, आणि मिपमॅपचा तिसरा हिस्सा वर. वीस गाड्यांची शर्यत असेल तर हा हिशोब ग्राफिक कार्डाला घाम फोडतो. चार जीबीचं कार्ड असेल तर आपली गाडी 4096, बाकीच्यांच्या 2048.

ऑनलाइन दोस्तांना तुमचं स्किन दिसायला हवं असेल तर फोल्डर त्यांनाही पाठवा, नाहीतर त्यांना गाडी मूळ रंगातच दिसते. आयरेसिंगवाल्यांचं हे काम ट्रेडिंग पेंट्स ही सेवा आपोआप करते.

सीटवर बसल्यावर

एवढं केल्यावर खेळायला बसा आणि बघा: आतून गाडी चालवताना तुमचं स्किन दिसतच नाही. बॉनेटचा तुकडा आणि आरशात मागच्या फेंडरची कड, बस्स. सजावट मागून येणाऱ्यासाठी आणि रिप्लेसाठी असते. काही जण मग बाहेरच्या कॅमेऱ्याने चालवतात. चालवा, कोणी अडवत नाही, पण गाडी घसरायला लागल्याची चाहूल उशिरा लागते.

आतून चालवायचं तर पडद्यावर किती रुंद दिसतं तो नजरेच्या कोनाचा (एफओव्हीचा) आकडा दुरुस्त करा. फुकटात मिळणारं वास्तव यापेक्षा मोठं नाही. 27 इंची पडदा डोळ्यांपासून 60 सेंटिमीटरवर असेल तर उभा कोन 31 अंशांच्या आसपास यायला हवा. सुरुवातीला घोड्याला झापड लावल्यासारखं वाटतं. आठवडा काढा, वळणं खऱ्या अंतरावर येतात आणि ब्रेक जागेवर लागायला लागतो. एवढ्या कोनात काचेवरच्या पट्टीतलं तुमचं नावही वरून कापलं जातं, तेव्हा त्याचं फार मनावर घेऊ नका. आणि उन्हाळ्यात हेडफोन लावा. आमच्या घरचा कूलर सुरू झाला की टायरची कुरकुर ऐकू येत नाही, आणि ती कुरकुर म्हणजे अर्धी गाडी.

हे सगळं खऱ्या गाडीवर करायला मात्र माझ्याकडे येऊ नका. गाडीचा रंग आरसी बुकात लिहिलेला असतो, बदलला तर आरटीओत नोंद लागते. काचांवरची काळी फिल्म सुप्रीम कोर्टाने 2012 मध्ये बंद केली. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल चालत नाही. भाच्याला हे सांगितलं तर म्हणे, “म्हणूनच तर गेममध्ये करून राहिलो ना.” बरोबर बोलला.

त्याची गाडी आम्ही शेवटी सरळ केली. मूळ डेटा परत टाकला, विंग गेला, कॅम्बर सेटिंगमधून जेवढा मिळतो तेवढाच ठेवला, आणि त्याची सगळी हौस स्किनमध्ये ओतली. संत्रीरंग, काळा नंबर, दारावर मोठ्या अक्षरात गावाचं नाव. गाडी वळायला लागली तसा त्याचा चेहराही सुटला.

स्किन झालं की मी एक शेवटची परीक्षा घेतो. गाडीचा बाजूने फोटो काढून तो ए4 कागदावर छापतो आणि दुकानाच्या शटरवर चिकटवतो. मग रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर जाऊन टपरीवाल्याला विचारतो, काय लिहिलंय? कागदावर गाडी लहान असते, त्यामुळे तिथून जे वाचता येतं ते रिप्लेतही वाचता येतंच. भाच्याच्या गाडीचा कागद लावला तेव्हा टपरीवाल्याने गाळणी बाजूला ठेवून डोळे बारीक केले.

“नागपुर लिहिलं ना भाऊ? दिसते. पण पू दुसरा पायजे न.”

चार रात्री दोघं ते अक्षर अर्धा-अर्धा अंश फिरवत होतो, आणि उकार दोघांच्याही नजरेतून सुटला होता. कागद काढला, फाइल परत उघडली.